रीस्टार्टबाईचा डूख

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीला लागून, एक अरुंद खोली होती. दोन टेबलं, दोन फोन, आणि खिडकी नव्हती म्हणून भिंतीला एक पंखा. त्या खोलीत धाकटीनं सात वर्षं फोन उचलले. घरी दोघीच बहिणी. मोठी ती ताई, म्हणून ही धाकटी. इस्पितळात मात्र पाचही इमारतींत तिचं नाव रीस्टार्टबाई पडलं होतं. केसपेपर निघत नाही, लॅबचा रिपोर्ट उघडत नाही, वॉर्डातला प्रिंटर रुसून बसलाय, काहीही झालं की फोन हिच्याकडे, आणि हिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "एकदा बंद करून चालू करा बघू." दहातल्या सात वेळा तेवढ्यावर भागायचं. उरलेल्या तीन वेळा ती जिने उतरून स्वतः बघून यायची.

असं बघता बघता तिच्या एक गोष्ट लक्षात आली. लॅबमधली यंत्रं मंदावली की अर्ध्या तासात नोंदणीची खिडकी थांबायची. लॅब रस्त्याच्या पलीकडे, नोंदणी अलीकडे, पण एकीला सर्दी झाली की दुसरी शिंकायची. एका महिन्यात हे तीनदा झालं. धाकटीनं तारखा मनात पक्क्या केल्या आणि इस्पितळाच्या कॉम्प्युटर सिस्टीमच्या मुख्य आर्किटेक्टना गाठलं.

त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. कुठली माहिती कुठून कुठं जाते, कोण कुणाला विचारून पुढं सरकतं, काय कशाच्या आधारावर उभं आहे, हे सगळं दहा वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलेलं. त्यांच्या खोलीत तो आराखडा भिंतभर लावलेला होता, नुसत्या चौकटी आणि बाण. ते धाकटीला जिन्यात भेटले. तिनं चार वाक्यांत सांगितलं. मोबाइलवरची नजर न काढता साहेब म्हणाले, "बघतो."

बघितलं काही नाही. तीन आठवड्यांनी एका मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लॅब अडली आणि तिच्यापाठोपाठ नोंदणी बंद पडली. खिडकीसमोर तीनेकशे माणसं. साहेबांचा फोन लागेना. अर्ध्या तासात सुरू झालं नाही तर लॅबचा सर्व्हर रीस्टार्ट करावा, अशी सूचना भिंतीवर चिकटवलेली होती, खाली साहेबांचीच सही. धाकटीनं नऊ चाळीसला तसं करायला सांगितलं. सगळं ताळ्यावर यायला दुपारचा एक वाजला. तोवर रांगेतल्या एका म्हातारीला चक्कर आली होती आणि दोन डॉक्टरांची सगळ्यांदेखत जुंपली होती.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली.

"सिस्टीम व्यवस्थित होती," साहेब म्हणाले. "हेल्पडेस्कनं भलत्या वेळी सर्व्हर रीस्टार्ट केला, त्यानं ती बसली."

"सिस्टीम आधी बंद पडली साहेब, रीस्टार्ट नंतर केला," धाकटी म्हणाली. "आणि लॅबचं मी तुम्हाला तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं."

"कुठं लिहून दिलंत?"

लिहून दिलं नव्हतं. साहेब अधीक्षकांकडे वळले आणि आवाजही न चढवता म्हणाले, "यांचं काम फोन उचलायचं. विचार करायला आम्ही आहोत. त्यात यांचं नावच रीस्टार्टबाई."

टेबलाभोवतीची नऊ माणसं हसली. धाकटीनं ती मोजली होती.

तिला मेमो मिळाला. बदली तळघरातल्या भांडारात झाली, जुन्या कीबोर्डांवर चिठ्ठ्या चिकटवायला. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा ताई गणवेशाच्या ढिगाऱ्यात बसून बाह्या जोडत होती. ताईचं शिवणकाम घरातच चाले. दारातून आत आलं की आधी मशीन, मग माणसं. धाकटीनं सगळं सांगितलं. रडली नाही. दातावर दात घट्ट रोवून बोलत होती.

"मग आता काय करायचं ठरवलंस?" ताईनं विचारलं.

"त्यांची जिरवायची."

"कशी?"

"ते अजून ठरलं नाही."

ताईनं दोरा दातानं तोडला. "हे बघ, डूख धरायचा तर नीट धर. दोन दिवस आदळआपट करून गप्प बसणार असशील तर आत्ताच सोडून दे, आणि ह्या गुंड्या लाव."

धाकटीनं गुंड्या लावल्या, पण डूख सोडला नाही. तळघरात तिला कुणी काम सांगत नव्हतं, आणि तिथंच रॅकवर सिस्टीमचे जुने कागद पडून होते: पहिले आराखडे, बैठकांची टिपणं, पत्रं. शत्रूचं घर फोडायचं तर आधी त्याचे दरवाजे माहीत हवेत. तिनं पहिल्या फायलीपासून वाचायला घेतलं. निम्मं डोक्यावरून जायचं. म्हणून तिनं सिस्टीमचे आराखडे शिकवणारा, रविवार सकाळचा एक वर्ग लावला. शाळेच्या रिकाम्या खोलीत, लहान पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून अकराजण बसायचे. शिकवणारे मास्तर आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंज उभी करून निवृत्त झालेले. उजव्या कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून सगळ्यांना डाव्या बाजूला बसवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, तुम्हाला नीट माहीत असलेली एक सिस्टीम घ्या आणि तिच्यावर लिहून आणा.

धाकटीनं एक्केचाळीस पानं लिहिली. साहेबांची एकही चूक सोडली नाही. पुढच्या रविवारी मास्तरांनी ती पानं परत दिली. वर एकच ओळ होती: हा आरोप आहे, आराखडा नाही.

"चूक काय आहे त्यात?" तिनं विचारलं.

"चूक काहीच नाही. फक्त असं वाटतं की हे करणारा माणूस एक तर वेडा होता, नाही तर बदमाश. वेडा माणूस एवढं मोठं इस्पितळ दहा वर्षं चालवू शकत नाही. आता हेच त्याच्या बाजूनं लिहून आणा."

"त्याच्या बाजूनं मी मेले तरी लिहिणार नाही."

मास्तरांनी डावा कान पुढं केला, ऐकू आलं होतं तरी. "मग त्याला हरवणार कशा? त्याला काय दिसत होतं, तेच तुम्हाला दिसत नाही."

एक्केचाळीस पानांमागे कुणी तरी एक माणूस आहे, हे म्हाताऱ्यानं ओळखलं होतं. धाकटी आठवडाभर धुमसत राहिली. मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत रस्ता ओलांडून लॅबमध्ये गेली आणि तिथल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञाला विचारलं, "लॅब आणि नोंदणी अशी एकमेकींना बांधली कुणी आणि का?"

तंत्रज्ञानं डब्याचं झाकण लावलं. "पूर्वी बांधलेली नव्हती. मग एकदा एकाच नावाच्या दोन बायकांचे रिपोर्ट एकमेकींना गेले. एकीला नको ते औषध सुरू झालं. वाचली, पण कशीबशी. त्यानंतर साहेब आठ दिवस इथं ह्या स्टुलावर बसून होते. प्रत्येक नमुना बघायचे. मग त्यांनी ठरवलं, माणूस तोच आहे अशी नोंदणीची खात्री झाल्याशिवाय लॅबनं पाऊल पुढं टाकायचं नाही, आणि लॅबचा होकार आल्याशिवाय नोंदणीनंही. तेव्हापासून एकदाही अदलाबदल झालेली नाही."

धाकटी परत आली ती अशी संतापलेली, की चिठ्ठ्यांची अख्खी पट्टी उलटी चिकटवली. साहेबांकडे कारण होतं. चांगलं, खरं, माणूस वाचवणारं कारण. हे तिला सहन होईना. पण खोटं तरी कसं म्हणणार? तिनं कागद घेतला आणि त्यांच्या बाजूनं लिहायला बसली. लिहिता लिहिता तिला खरी मेख सापडली. गाठ मारली ती बरोबर होती. पण तेव्हा इमारती दोन होत्या, आता पाच झाल्या. दोघांपुरती मारलेली गाठ पाचांच्या गळ्याला फास झाली, आणि साहेब पुन्हा कधी त्या स्टुलावर जाऊन बसले नाहीत.

मास्तरांनी ती नऊ पानं वाचली. "आता तुम्हाला त्याला हरवता येईल," ते म्हणाले, आणि पुढच्याच्या कागदांकडे वळले.

वर्षभरानं धाकटी इस्पितळ सोडून बस कंपनीत लागली. बसचं वेळापत्रक, चालकांच्या पाळ्या, डेपोचं सामान, ह्या सगळ्याची सिस्टीम तिथं नव्यानं उभी करत होते. ती तळाला लागली आणि पायरी पायरीनं चढली. तिच्या काही सवयी तिथं सगळ्यांना ठाऊक झाल्या. कुठलाही निर्णय झाला की ती वहीत लिहायची: काय ठरलं, का ठरलं, दुसरं काय सुचलं होतं, ते का नाकारलं, आणि कोण हजर होतं. तोंडी काही मानायची नाही. कुणी म्हणालं, "हे कधी बंद पडणार नाही," की विचारायची, "पडेल तेव्हा आधी कोण ओरडेल?" डेपोतल्या कारकुनाशी त्याच्या भाषेत बोलायची आणि संचालकांशी त्यांच्या. लोकांना वाटायचं, बाईंना कामाची काय हौस. हौस कसली आलीय. प्रत्येक गोष्ट ती साहेबांच्या विरुद्ध शिकत होती. हे त्यांना येत नव्हतं, मला येतंय, एवढाच हिशेब.

मधे एकदा तिनं स्वतःच माती खाल्ली. पाळ्यांचा नवा आराखडा तिचा होता. डेपोतली एक कारकून मुलगी तिला म्हणाली, "मॅडम, ऐनवेळी चालक आजारी पडला तर ह्यात बदलता येत नाही." धाकटी संचालकांच्या बैठकीला निघाली होती. ती म्हणाली, "बघते." आणि विसरली. तिसऱ्या सोमवारी फ्लूची साथ आली, बावीस चालक घरी बसले, आणि एका डेपोतली एकही बस अकरापर्यंत हलली नाही.

संचालकांसमोर ती उभी राहिली. त्या कारकून मुलीचं नाव घेणं इतकं सोपं होतं. पाळ्या तीच भरायची. पण धाकटी म्हणाली, "चूक माझी आहे. मला आधी सांगितलं होतं, मी बघितलं नाही."

संचालकांनी दोन खरमरीत वाक्यं सुनावली आणि ते पुढच्या विषयाकडे वळले. एवढंच. धाकटी बाहेर येऊन पायरीवर बसली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे हे वाक्य म्हणता येतं. जीभ झडत नाही, छत कोसळत नाही. मग साहेबांना त्या दिवशी ते का म्हणता आलं नाही? इतकी वर्षं तिला वाटायचं, त्यांच्यापुढं काही तरी मोठं संकट असेल. काही नव्हतं. दोन खरमरीत वाक्यं वाचवायला त्यांनी तिला तळघरात गाडलं होतं. डूख जुना झाला होता. त्या दिवसापासून तो पुन्हा ताजा झाला.

इस्पितळ सोडून सहा वर्षं होत आली तेव्हा तिकडून पत्र आलं. सहावी इमारत होणार होती, सिस्टीम नव्यानं करायची होती, आणि मुख्य आर्किटेक्टचा आराखडा बाहेरच्या कुणाकडून तरी तपासून हवा होता. बस कंपनीच्या आर्किटेक्टचं नाव कुणी तरी सुचवलं होतं. धाकटीनं उत्तरात लिहिलं की मी पूर्वी तिथं नोकरीला होते. नव्या अधीक्षकबाईंनी कळवलं, मग तर फारच चांगलं. मेमोबद्दल धाकटीनं लिहिलं नाही.

आराखडा हातात आला आणि पहिल्या तासातच तिला ती गाठ दिसली. तीच. आता सहा इमारतींना. तिनं कागद मिटले, पुन्हा उघडले, आणि मनात एक विचार आला तो तिनं सरळ ताईला सांगितला.

"मी काहीच बोलले नाही तर? सही करून मोकळी झाले तर? तीन महिन्यांत हे कोसळेल. सगळ्यांसमोर. मग साहेब संपले."

ताईनं मशीन थांबवलं. "मग कर सही."

"खरंच म्हणतेस?"

"मला काय विचारतेस? डूख तुझा आहे. मला त्या खिडकीसमोर रांगेत उभं राहायचं नसलं म्हणजे झालं."

धाकटी दोन दिवस त्यावर घुटमळली. तिसऱ्या दिवशी ती पाहणीसाठी इस्पितळात गेली. नोंदणी पाहिली, लॅब पाहिली, आणि तिसऱ्या मजल्यावर झेरॉक्सच्या खोलीपाशी आली. आत एक विशीतली मुलगी कानाला फोन लावून सांगत होती, "एकदा बंद करून चालू करा हं." टेबलावर तिचा चष्मा, पाण्याची बाटली, आणि समोर भिंतीवर तीच सूचना, नव्या कागदावर.

सिस्टीम कोसळली तर साहेब संपणार नव्हते. ही मुलगी संपली असती. साहेबांना एक रीस्टार्टबाई नेहमीच मिळाली असती. आपण जपून ठेवलेला घाव भलत्याच मानेवर पडावा, हे धाकटीला परवडणार नव्हतं. ती खाली आली आणि अधीक्षकबाईंकडे गेल्या दहा वर्षांत सिस्टीम जेव्हा जेव्हा बंद पडली त्याच्या सगळ्या नोंदी मागितल्या, सर्व्हरनं स्वतः लिहून ठेवलेल्या वेळांसकट.

बैठकीत साहेब समोर बसले. केस पिकले होते, आवाज तोच. त्यांनी तिला नमस्कार केला, नाव विचारलं. ओळखलं नाही. धाकटीनं कितीदा तरी हा क्षण मनात घोळवला होता, आणि प्रत्येक वेळी साहेबांचा चेहरा पडायचा. तो पडलाच नाही. त्यांनी चहा मागवला.

तिनं आवाज चढवला नाही. "लॅब थांबली तर नोंदणी चालेल का?"

"लॅब थांबणार नाही."

"गेल्या दहा वर्षांत ती एकोणीस वेळा थांबली आहे. त्यातल्या सतरा वेळा नोंदणी तिच्यामागे गेली. हा तक्ता बघा."

साहेबांनी तक्ता पाहिला. "ही गाठ सोडली तर रिपोर्टांची अदलाबदल होईल. तुम्हाला इतिहास माहीत नाही."

"दोन बायका, एकच नाव. तुम्ही आठ दिवस लॅबमध्ये स्टुलावर बसला होतात," धाकटी म्हणाली. "गाठ बरोबरच होती. खात्री रिपोर्ट बाहेर जाताना एकदाच करा, पावलोपावली नको. लॅब थांबली तर नोंदणीनं तिची वाट न बघता पुढं जायचं. दोन्ही साधतं. हे तुम्हाला कळलं नसतं असं नाही. तुम्ही पुन्हा बघायला गेला नाहीत."

अधीक्षकबाई तक्त्यावरून बोट फिरवत होत्या. "ह्या एका मंगळवारपुढं कारण वेगळं लिहिलंय. हेल्पडेस्कची चूक."

"त्या दिवशी सिस्टीम नऊ दहाला थांबली," धाकटी म्हणाली. "रीस्टार्ट नऊ चाळीसला झाला. आधी आजार, मग औषध. नोंदीत उलटं लिहिलंय. ती हेल्पडेस्कवाली मी."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग खऱ्याच गोंधळानं म्हणाले, "मला आठवत नाही."

धाकटीला हे सगळ्यात लागलं. त्यांनी नाकारलं असतं, चिडले असते, तर ती तयार होती. ज्या वाक्यावर तिनं सात वर्षं काढली, ते त्यांच्या लेखी जिन्यातून उतरताना झटकलेली धूळ होतं. तिनं वही उघडली आणि शिफारशींत आणखी एक ओळ लिहिली: आराखडा दुरुस्त करण्यापूर्वी मुख्य आर्किटेक्टनी दोन आठवडे हेल्पडेस्कवर बसून फोन घ्यावेत. वापरणाऱ्यांच्या अडचणी थेट समजण्यासाठी ते आवश्यक आहे.

शब्दांत कुठंही बोट ठेवायला जागा नव्हती. मास्तरांनीही ते मान्य केलं असतं. अधीक्षकबाईंनी ती शिफारस दोनदा वाचली, धाकटीकडे पाहिलं, आणि मंजूर केली.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी धाकटी मुद्दाम तिकडे गेली. झेरॉक्सच्या खोलीत साहेब बसले होते, पंख्याखाली, कोट खुर्चीच्या पाठीला. वॉर्डातून कुणी तरी फोनवर ओरडत होतं, बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. साहेब म्हणत होते, "हो. हो. ऐका तरी. एकदा बंद करून..." पलीकडून फोन आपटला गेला. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "असू द्या सर, ते रोजच आपटतात."

धाकटी दारात उभी राहून पोटभर बघत होती. साहेबांनी तिला पाहिलं. ते उठले, बाहेर आले.

"आठवलं मला," ते म्हणाले. "जिन्यात. तुम्ही लॅबचं काही तरी सांगत होतात. माझ्या हातून... मी माफी मागतो."

"माफी नको," धाकटी म्हणाली. "नोंद दुरुस्त करून त्यावर सही करा."

तिनं कागद बरोबरच आणला होता. मंगळवार, वेळ, खरं कारण, आधी दिलेल्या इशाऱ्याची तारीख, आणि त्याकडे कुणी दुर्लक्ष केलं त्याचं नाव. साहेबांनी तो भिंतीला टेकवून वाचला. दोनदा पेन उचललं, खाली घेतलं. मग सही केली. सही पूर्ण केली आहे का, हे धाकटीनं नीट पाहून घेतलं. केली होती. आत फोन वाजला, आणि ते घ्यायला गेले.

महिन्याभरात मेमो रद्द झाल्याचं पत्र घरी आलं. गाठ नव्या आराखड्यात सुटली. साहेबांनी ती स्वतःच सोडवली, आणि खरं सांगायचं तर फार सफाईनं सोडवली. धाकटीनं ती तपासली, एकही चूक सापडली नाही, आणि तिचा तो दिवस वाईट गेला.

ताईनं पत्र वाचून घडी घातली. "मग, झालं समाधान?"

"पाऊण."

"आणि बाकीचं?"

"ते ठेवलंय," धाकटी म्हणाली. "सोमवारी दुसऱ्या एका साहेबांचा आराखडा तपासायचाय."